चांगलं का वाईट, एक सांगा भाऊजी

"मावशी, बाबा गेले," असं भाच्यानं फोनवर सांगितलं, तेव्हा मी विचारलं, "कोणत्या गावाले?" हे मी ज्याला सांगते तो माझ्या तोंडाकडे पाहत राहतो. पण खरंच तेच निघालं तोंडातून. आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान, भूजलाच्या सरकारी ऑफिसात होते आणि नोकरीभर गावोगावचं पाणी तपासत फिरले. ताईला केव्हाही फोन करा, "ते गेले" हेच उत्तर. कधी सालेकशाकडे गेले, कधी देवरीकडे, कधी अर्जुनीकडे. रिटायर झाल्यावरही कोणी हाक मारली की पिशवीत बाटल्या टाकून निघाले. त्यामुळे गेले म्हणजे संध्याकाळी येतील, इतकंच माझ्या डोक्यात. गोंदियाच्या माझ्या दुकानात मशीनवर एका बाईचं ब्लाउज अर्धं शिवलेलं होतं आणि ती समोरच उभी होती. "क्या हुआ दीदी?" म्हणाली. मी म्हटलं, "मेरे जीजाजी..." आणि पुढचा शब्द मला ना हिंदीत सापडला ना मराठीत. त्या दिवशीची बाही मी उलटी जोडली, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

हार्टचं झालं म्हणे. सकाळचा चहा घेतला, खुर्चीत बसले आणि मान कलली. विडी नाही, तंबाखू नाही, रोज पहाटे फिरायला जाणारा माणूस. डॉक्टरला मी विचारलं, काऊन झालं? तो म्हणाला, होतं कधी कधी. बाप्पा! एवढं शिकून हेच सांगायचं होतं? पण मग वाटलं, भाऊजीही असंच बोलायचे. पाणी चांगलं का वाईट, असं कोणी विचारलं की म्हणायचे, "कोणासाठी? पावसाळ्यात का उन्हाळ्यात?" समोरचा बिचारा चांगलं किंवा वाईट एवढं ऐकायला उभा असायचा. आता त्यांना जाऊन काही आठवडे झाले, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, लोक चार चांगले शब्द बोलून गेले. सगळे म्हणाले, मोठा सरळ माणूस होता. मला मात्र तो माणूस सरळ होता का आडवा, हे अजून ठरवता आलेलं नाही. म्हणून लिहून राहिले.

ताईला पाहायला ते आमच्या गावी आले, तो दिवस अख्ख्या घराला पाठ होता. तिरोडा तालुक्यात, बोदलकशाच्या अलीकडे आमचं गाव. गावाच्या एका अंगाला आमची बौद्धांची टोली. मी तेव्हा शाळकरी आणि एक नंबरची आगाऊ. होणाऱ्या भाऊजींची गंमत करायची म्हणून त्यांच्या चहात साखरेऐवजी मीठ टाकलं. माणसानं चेहऱ्यावरची रेघ न हलवता अख्खा कप संपवला आणि बाबांना अदबीनं विचारलं, "तुमच्या बोरिंगचं पाणी थोडं खारट आहे काय?" आम्ही पोरी आत तोंडात पदर, ओढणी, हाती लागेल ते कोंबून हसलो. पण बाबांना काही हसू आलं नाही. ते उठले, आंगणात गेले, बोरिंग हापसली, पितळेचा लोटा काठोकाठ भरून आणला आणि म्हणाले, "पेऊन पाहा. अख्ख्या पंचक्रोशीत एवढं गोड पाणी नाही." भाऊजींनी लोटा गटागटा रिकामा केला. "खरंच गोड आहे," म्हणाले. लग्न तिथंच ठरलं म्हणा ना! त्यानंतर बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "सरकारी पाणीवाल्या सायबानं पेऊन पास केलं पाणी आपलं, आन् पोरगीबी!"

बाबांचं त्या बोरिंगवर एवढं प्रेम का, हे इथं सांगावं लागेल. बाबांच्या लहानपणी गावात एकच पक्की विहीर होती, ती वरच्या मोहल्ल्यात. तिला आमच्या लोकांनी हात लावायचा नाही. माझी आजी रिकामी गुंड, म्हणजे पितळेची घागर, घेऊन दूर उभी राहायची. कोणाला दया आली तर वरून पाणी ओतायचा, नाही आली तर आजी उन्हात तशीच. पुढे दीक्षा झाली, घराघरांतले देव निघाले, पोरं शाळेत गेली, तरी विहिरीपाशी उभं राहणं लगेच काही सुटलं नाही. किती तरी वर्षांनी आमच्या टोलीला सरकारी बोरिंग मंजूर झाली, तेव्हा बाबांनी आपल्या आंगणातली जागा दिली. भर उन्हाळ्यात वरच्या मोहल्ल्याची विहीर तळाला गेली की तिथल्या बाया आमच्या आंगणात गुंड घेऊन यायच्या. बाबा कोणालाच नाही म्हणत नसत, उलट स्वतः उठून हापसून देत. "घ्या वो बाई, घ्या. इथं कोणी वरून ओतत नाही," असं म्हणत आणि मग दिवसभर खुशीत असत.

ताईच्या लग्नानंतर एका पावसाळ्यात गावात काविळीची साथ आली. भाऊजी घरोघर फिरले आणि एकच सांगत गेले, पाणी उकळून प्या. आमच्या मायनं तो शब्द असा धरला की बस्स. जवाईबापूंनी सांगितलं, म्हणजे आता विषय संपला. साथ गेली, वर्षं गेली, पण आमच्या चुलीवरचा पाण्याचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, काही उतरला नाही. माझ्या दादाच्या दोन पोरी झाल्या, समता आणि लहानी. त्यांना तर ती आटवून आटवून पाजायची. आम्ही हसायचो, "माय, बासुंदी करून राहिली काय पाण्याची?" ती म्हणायची, "हासा तुमी. जवाईबापू शिकेल माणूस आहे."

समताचे दुधाचे दात पडून नवे आले, ते पिवळे-तपकिरी डाग घेऊनच आले. आम्हाला वाटलं, पोट्टी दात घासत नाही. तिची आई राखेनं, मिठानं, ब्रशनं घासून घासून तिला रडवायची. एका लग्नात भाऊजींनी पाहिलं की समता हसताना तोंडावर हात ठेवते. त्यांनी तिला जवळ घेतलं, "आ कर बेटा," म्हणाले. त्या दिवशी जेवलेही नाहीत नीट. दुसऱ्या दिवशी आमच्या आंगणातून बाटलीत पाणी भरून घेऊन गेले. बाबा कौतुकानं पाहत होते, त्यांना वाटलं जावई पुन्हा पास करायला घेऊन चालले.

ते परत आले तो दिवस मी विसरू शकत नाही. मे महिना होता, मी माहेरी आलेली. भाऊजींच्या मागं ऑफिसचा एक माणूस रंगाचा डबा घेऊन उभा. रीतीप्रमाणे बाबांनी आधी लोटा पुढं केला. "घ्या जवाईबापू, ऊन लय आहे."

"नको बाबा."

"नको कायले? घ्या ना."

"बाबा, मी हे पाणी नाही पीत."

बाबांचा हात तसाच पुढं. भाऊजी काही परके नव्हते, आमच्यातलेच होते. त्यांच्याही आजीनं कुठल्या तरी विहिरीपाशी अशीच वाट पाहिली असणार. हातचं पाणी नाही म्हणणं म्हणजे काय, हे त्या माणसाला का माहीत नव्हतं? बाबा एवढंच म्हणाले, "आमच्या हातचं चालत नाही आता तुमाले? पाहायला आले तवा तं लोटाभर पेले." आणि भाऊजी काय म्हणाले असतील? म्हणाले, "यात फ्लोराइडचं प्रमाण मर्यादेपेक्षा जास्त आढळलं आहे." अरे देवा! तिथं माझ्या बापाचा चेहरा काळवंडून गेला आणि हे रिपोर्ट वाचून राहिले.

मग त्यांनी सगळ्यांना समजावलं. खालच्या खडकातून हे पाण्यात उतरतं, चव लागत नाही, वास येत नाही. पोरांचे दात बनत असताना पोटात गेलं की डाग पडतात आणि पुढं जास्त वर्षं गेलं तर हाडंही धरतात. समताचे डाग आता जाणार नाहीत, पण लहानीचे पक्के दात अजून यायचे आहेत, ते वाचवता येतील. माय पदर सावरत पुढं आली. "पण मी तं उकळूनच देऊन राहिली ना!" भाऊजी म्हणाले, "आई, काविळीचा जंतू उकळल्यानं मरतो. हे मरत नाही. वरण आटलं की खारट लागतं ना, तसं पाणी आटून हे अजून घट्ट होतं." माय म्हणाली, "तुमीच तं सांगतलं होतं, उकळा मनून." भाऊजींनी मान खाली घातली. "हो आई. मीच सांगितलं होतं." पिऊ नये, या खुणेचा लाल रंग बोरिंगला लागला. माय आत गेली, चुलीवरचा गंज उतरवला आणि सगळं पाणी मोरीत ओतून देऊन तिथंच बसून राहिली.

बरं, एवढ्यावर संपलं असतं तरी माणूस एकदाचा रडून मोकळा झाला असता. पण पावसाळ्यानंतर भाऊजींनी पुन्हा तपासलं आणि म्हणाले, आता मर्यादेत आहे. बाबांनी अख्ख्या टोलीला ओरडून सांगितलं, "पाहा! खोटं निघालं ना!" उन्हाळ्यात पुन्हा तपासलं, तर पुन्हा जास्त. लोकांनी त्यांचं नावच पाडलं, हो-नाही साहेब. मी तर भांडलेच, "भाऊजी, चांगलं का वाईट, एक काय ते सांगा! तुमच्या पायी घरात कोणाच्या नरड्याखाली पाणी उतरून नाही राहिलं." ते म्हणाले, "पावसाचं पाणी मुरून त्यात मिसळतं तेव्हा कमी भरतं. उन्हाळ्यात खालचंच वर येतं. दोन्ही खरं आहे, मी एक कसं सांगू?" मी म्हटलं, "मग पिऊ काय आम्ही?" आणि तेव्हा त्यांनी ते सांगितलं, जे त्यांना बहुतेक पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि सांगवत नव्हतं. गावात फ्लोराइड नसलेलं पाणी एकाच ठिकाणी होतं. वरच्या मोहल्ल्याच्या विहिरीत. ती उथळ, वरचं पाणी, औषध टाकलं की पिण्याजोगं.

बाबा उठून उभे राहिले. "मरन, पण त्या विहिरीचं पाणी पेणार नाही," म्हणाले आणि शेताकडे निघून गेले.

मग भाऊजींनी जे केलं ते आमच्याकडे कोणता जावई करणार नाही. आमच्याकडे जावयानं ताटसुद्धा उचलायचं नसतं. भाऊजींनी मायची गुंड घेतली, पँट-शर्टातच वरच्या मोहल्ल्यात गेले. मी धावत मागं. विहिरीवर एक म्हातारी बाई होती. चांगल्या मनानंच म्हणाली, "सायेब, तुमी कायले? आणा, मी काढून ओतून देतो." भाऊजी म्हणाले, "नको आई, मी काढतो." स्वतः बादली सोडली, स्वतः काढली, स्वतः गुंड भरली. खांद्यावर घेऊन भर गावातून आले, अर्धा शर्ट ओला. लोक ओसरीत येऊन पाहत होते, हसत होते. दारात लहानीला समोर बसवलं आणि आपल्या हातानं पाजलं. माय म्हणत होती, आमची इज्जत गेली. मला हसावं का रडावं ते कळेना. त्यानंतर दादा सायकलवर प्लास्टिकचे डबे लावून पोरींसाठी तिथूनच पाणी आणू लागला. बाबा आपल्या लाल बोरिंगचंच पीत राहिले, शेवटपर्यंत. लहानीचे दात पांढरे शुभ्र आले. बाबा तिचं तोंड पाहायचे, पण त्यावर कधी एक शब्द बोलले नाहीत. जावई घरी आले की जय भीम होई, शेतीचं बोलणं होई. पाणी माय आणून देई.

बाबा वारले, त्यालाही आता काही वर्षं झाली. भाऊजींची आणि माझी गावातली शेवटची भेट यंदाच्या उन्हाळ्याच्या तोंडावरची. आता गावात नळ आला आहे, मनात आलं तर येतो. मी सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, बसून तांदूळ निवडत होते. भाऊजी आंगणात गेले, बोरिंग हापसली आणि ओंजळ लावून पाणी प्यायले. ओंजळीमागून ओंजळ. मी ओरडले, "भाऊजी! ते लाल आहे ना?" ते तोंड पुसत म्हणाले, "आहे." "मग?" "एवढ्यानं काही होत नसतं. रोज पिण्याची गोष्ट वेगळी."

माझं डोकं असं तापलं म्हणता! एवढ्यानं काही होत नसतं, तर त्या दिवशी एक लोटा काऊन नाही प्यायला हा माणूस? मी विचारलंच, तोंडावर. ते म्हणाले, "तेव्हा लहानी तिथंच उभी होती. माझ्याकडेच पाहत होती. मी प्यायलो असतो तर पुढचं माझं कोणी ऐकलं नसतं." मी म्हटलं, "मग हे बाबांना सांगायचं ना!" "सांगितलं ना." "काय सांगितलं?" "फ्लोराइड जास्त आहे म्हणून." मी कपाळाला हात लावला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, तेही मला तेव्हा धड दिसलं नाही, कारण मी रागात होते. त्यांनी बरोबर केलं का? केलंच असणार, लहानीकडे पाहिलं की वाटतं. माझ्या बापाचा पुढं केलेला हात आठवला की वाटतं, काय बरोबर केलं? दोन्ही एकदम मनात येतं आणि मी शिवण बाजूला ठेवते.

कार्यक्रम आटोपल्यावर मायला घेऊन मी गावी गेले. घर काही दिवस बंद होतं. दुसऱ्या दिवशी मी झाडझूड करत होते, तर सपरीच्या कोपऱ्यात, बाबांच्या खाटेमागं, मला एक लहानसा माठ दिसला. स्वयंपाकघरातला मोठा माठ वेगळा, हा वेगळा. मी विचारलं, "माय, हा कायचा?"

"जवाईबापूचा."

"म्हणजे?"

"ते येणार असले की तुहा बाप भरून ठेवे. वरच्या मोहल्ल्यातून आणे, त्या विहिरीचं."

"बाबा? बाबा त्या विहिरीवर जायचे?"

"भर दुपारी जाये, गाव निजलं का. दादाले हात लावू नाही दे. मने, जवाईबापू आपल्या घरी येऊन उपाशी राहीन, पण तहानेला जाऊ नये."

"आणि स्वतः?"

"स्वताले बोरिंगचंच. म्या मनलं एकडाव, आनून राहिले तं तुमीबी प्या ना. मने, थे पाणी जवाईबापूचं आहे, माहं नाही."

म्हणजे इतकी वर्षं भाऊजी आमच्याकडे जे पाणी पीत होते, ते माझ्या बापानं त्या विहिरीतून आपल्या हातानं काढलेलं होतं. "भाऊजींना माहीत होतं काय हे?" मी विचारलं. माय म्हणाली, "कोन सांगन? शपथ घातली होती त्यानं." अरे, काय माणसं होती ही! दोघांच्या जिभा काय झडल्या होत्या? एक जण भर दुपारी चोरासारखा पाणी आणतो, दुसरा तो गेल्यावर त्याच्या बोरिंगवर ओंजळ लावतो, आणि दोघं आयुष्यभर धानाच्या भावावर बोलतात. मला दोघांचाही इतका राग आला, इतका राग आला... आणि आता भांडायला दोघांतला एकही नाही.

माठावर ताटली होती. मी उचलली, तर आत पाणी. ताजं. "हे कोणी भरलं?"

"मी. सकाऊन शेजारच्या पोरीले धाडलं होतं."

"कोणासाठी माय? भाऊजी गेले, माहीत आहे ना तुले?"

"माहीत आहे ना," माय म्हणाली. "भरलं असंच."

मी त्यातून एक गिलास काढला. मग काय वाटलं कोणास ठाऊक, आंगणात गेले, बोरिंग हापसली आणि दुसरा गिलास भरला. लाल रंग आता कुठं कुठंच उरला आहे. दोन्ही गिलास समोर ठेवून मी सपरीत बसले. दोन्ही सारखेच दिसत होते. विचारू तरी कोणाला... आणि भाऊजी गेल्यापासून मला पहिल्यांदा रडू फुटलं, हमसून हमसून. माय भिंतीला टेकून पाहत होती.

"पे ना वो पोरी," ती म्हणाली. "पाणीच तं आहे."